'बनावट', 'खोटा' आणि 'बोगस'

विचारणा (वाई) : शेजारच्या गावातील एका खरेदीखताच्या वादाचे कागद अलीकडे वाचनात आले. त्या एकाच दस्ताला दाव्यात 'खोटा', फिर्यादीत 'बनावट' आणि गावात 'बोगस' म्हटले जाते. हे शब्द समानार्थी आहेत काय? 'भारतीय बनावटीची तोफ' यात तर काहीच लबाडी नसते.

उत्तर (मिरज) : समानार्थी नाहीत, आणि दस्तलेखनात उमेदीची वर्षे घालवूनही हा भेद मला उशिराच कळला. 'खोटा' हा शब्द मजकुराबद्दल बोलतो, 'बनावट' हा घडणीबद्दल. समजा, एखाद्याने दुसऱ्याच्या मालकीचे शेत स्वतःचेच आहे असे लिहून, स्वतःच्या नावाने व स्वतःच्या सहीने विकले, तर दस्तातील विधान धादांत खोटे ठरते. परंतु दस्त बनावट ठरत नाही, कारण तो ज्याने केला म्हणून दिसतो त्यानेच तो केलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली मोहम्मद इब्राहिम प्रकरणात हेच सांगितले. तोच मनुष्य मूळ मालक म्हणून दुय्यम निबंधकापुढे उभा राहिला आणि मालकाच्या नावाने अंगठा उठवून गेला, की दस्त बनावट झाला. फिर्यादीत येणारा 'तोतया इसम' तो हाच.

तोफेचे कोडेही इथेच सुटते. 'बनावट' म्हणजे बनवण्याची क्रिया किंवा तऱ्हा. जे आपोआप झालेले असायला हवे ते मुद्दाम बनवले, की शब्दाला वाईट अर्थ चिकटतो. इंग्रजीतील 'फोर्ज' लोहाराच्या भट्टीतून आला, आणि हिंदीतील 'जाली'चा कोळ्याच्या जाळ्याशी संबंध नसून त्याच्या मुळाशी 'करणे, घडवणे' या अर्थाचा अरबी शब्द आहे. तिन्ही भाषांना गुन्हा दिसला तो घडवण्यातच!

पुरवणी (सांगली) : संस्कृतची वाट मात्र निराळी आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात खोटी राजाज्ञापत्रे करणाऱ्यास 'कूटशासनकर्ता' म्हटले असून त्याला देहदंड सांगितला आहे. तेथे भर कपटावर आहे. देहदंडाची ही कठोरता केवळ आपल्याकडची नव्हे. कर्जरोख्याच्या बनावटीच्या आरोपावरून महाराजा नंदकुमारांना ५ ऑगस्ट १७७५ रोजी कलकत्त्यात फाशी दिले गेले, ते इंग्लंडच्या कायद्यानुसार, आणि त्या खटल्याच्या न्याय्यतेविषयीचा वाद अजून मिटलेला नाही. १८६० च्या दंड संहितेने फाशी ठेवली नाही : साध्या बनावटीकरणाला दोन वर्षांपर्यंत कैद, पण मृत्युपत्र किंवा मूल्यवान रोखा असेल तर दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही (कलमे ३३६ व ३३८) हे माप तेच आहे. 'बनावटीकरण' हा कायद्यातला शब्द मला ओबडधोबड वाटतो, परंतु तो क्रियेवर बोट ठेवतो, म्हणून 'कूटलेखन' यापेक्षा बरा.

विचारणाकर्ते (वाई) : मग 'बोगस'चे काय?

उत्तर (मिरज) : तो तर अमेरिकी बोलीत मुळात खोटी नाणी पाडण्याच्या यंत्रालाच म्हणत. फिर्यादीत मात्र तो लिहू नये. त्याने गुन्हा कोणता हे कळत नाही.