भीती, धास्ती की आणखी काही?

विरामचिन्ह : मुंबईच्या लोकलने रात्री प्रवास करणाऱ्या स्त्रियांसाठी केलेल्या एका इंग्रजी प्रश्नावलीचा मी अनुवाद करीत आहे. 'गेल्या वर्षभरात प्रवासात आपणांस हिंसेची भीती वाटली का?' या प्रश्नाला चाचणीत बहुतेक जणींनी 'नाही' असे उत्तर दिले. मात्र त्याच जणी पुढे रिकामा डबा टाळतो, स्थानकावर भावाला बोलावून घेतो, असे सांगत होत्या. येथे 'भीती'ऐवजी 'धास्ती' चालेल का?

डोंबिवलीकरीण : अवश्य चालेल. भीती समोर काही दिसल्यावर वाटते, धास्ती आपण आधीच घेऊन ठेवलेली असते. रात्री अकरानंतर महिलांचे काही डबे सर्वांसाठी खुले होतात, तेव्हा उरलेल्या डब्यात पोलीस बसला आहे ना, हे पाहूनच आम्ही चढतो. याला आमच्यापैकी कोणी भीती म्हणत नाही.

जुनी पोथी : 'भीती घेतली' असेही आमच्या भागात सर्रास म्हणतात, त्यामुळे हा भेद मला पटत नाही. शिवाय 'धास्ती' हा 'दहशत'चाच घासून गुळगुळीत झालेला अवतार असावा, असा माझा जुना संशय आहे. 'भय' हा स्वच्छ शब्द असताना तो कशाला?

काळा कोट : अडचण 'भीती'त नसून 'हिंसे'त आहे. हिंसा म्हटली की लोकांना चाकू आठवतो. मुद्दाम मारलेला धक्का, अचकटविचकट शेरे, अंगचटीला येणे हे त्यात कोणी मोजत नाही. वृत्तपत्रे यालाच 'छेडछाड' म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढलेल्या पुस्तिकेत 'ईव्ह टीझिंग' टाळून रस्त्यावरील लैंगिक छळ अशा अर्थाचा शब्दप्रयोग सुचवला, तो मला योग्य वाटतो.

डोंबिवलीकरीण : छेडछाड तर विजेच्या मीटरशीही होते! आणि पोलीस ठाण्यात गेले की त्याच छेडछाडीचा 'विनयभंग' होतो. गुन्हा त्याने करायचा आणि भंग मात्र आमच्या विनयाचा, हा कुठला न्याय?

जुनी पोथी : 'विनय' म्हणजे मुळात शिस्त, वळण. बौद्धांच्या विनयपिटकात भिक्षूंच्या आचाराचे नियम आहेत, लाजेचे नव्हे. त्या अर्थाने भंग होतो तो पुरुषाच्याच विनयाचा, त्यामुळे शब्द बदलण्याची गरज नाही.

काळा कोट : व्युत्पत्ती सुरेख आहे, पण न्यायालयात ती टिकणार नाही. भारतीय दंड संहितेचे जुने कलम ३५४ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ७४ ही दोन्ही 'स्त्रीचा विनय' असेच म्हणतात. छळासाठी कलम ७५ आणि पाठलागासाठी कलम ७८ अशी वेगळी कलमे आहेत, तरी बातमीत सगळ्यांची मोट विनयभंगातच बांधली जाते.

गिरगावकर : आमच्या वेळी रस्त्यात छेड काढणाऱ्याला 'सडकसख्याहरी' असा झकास शब्द होता. तो का मेला?

डोंबिवलीकरीण : तो ऐकून हसू येत होते आणि तक्रार तेथेच विरत होती, म्हणून मेला असेल तर बरेच झाले.

जुनी पोथी : विनोदाचा शब्द गेला की भाषेत फक्त कलमे उरतात, हेही लक्षात घ्यावे. 'छळणूक' हा शब्द तरी कोणी वापरील काय?

काळा कोट : छळणूक सासरी होते. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडून 'छळणूक' झाली, असे म्हणणारी बाई मी अजून पाहिलेली नाही.

विरामचिन्ह : चर्चा कलमांकडे गेली आणि मला प्रश्नावली तर छापायला द्यायची आहे. हिंसा, भीती, धास्ती हे तिन्ही शब्द वगळून 'रात्री आपण कोणता डबा टाळता आणि कशासाठी?' एवढेच विचारावे, असे आता वाटते.

जुनी पोथी : मग तो अनुवाद राहिला नाही. तो तुमचा स्वतःचा प्रश्न झाला, आणि इतर भाषांतल्या उत्तरांशी त्याची तुलना कशी करणार?

डोंबिवलीकरीण : करू नये. त्या बायकांना निदान उत्तर तरी देता येईल.