फेसलिफ्ट केलंय का कुणी? खरं काय होतं ते लिहा (अनुभव धागा)

खिडकीतली_तुळस
काल शेंगाचटणी नि कडक भाकरी घेऊन बसले, पहिला तुकडा कडकन मोडला आणि सहा वर्षांपूर्वीचं सगळं आठवलं. पुण्याहून फेसलिफ्ट, म्हणजे लोंबणारे गाल नि गळा वर उचलून घ्यायचं ऑपरेशन, करून आले होते, दोन आठवडे जोर लावून चावायचं काही नाही म्हणून सांगितलेलं, घरात सगळे कडाकडा भाकरी मोडतायत नि मी आपली मऊ भात-वरणावर. आता भाची विचारतेय मावशी मी करू का, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं.
तेव्हा वय ५७. चार तास, पूर्ण भूल. चीर कानाच्या पुढून, पाळीखालून वळून मागे केसांत. मला वाटायचं नुसती कातडी ओढून शिवतात, बाज आवळतात तशी. तसं नाही, कातडीखालचा थर वर उचलून टाके घालतात, कातडी वरून सैलच बसवायची नि उरलेली कापायची. शुद्धीवर आले तर डोक्याला पट्टी नि कानामागे बारीक नळ्या, साचलेलं रक्त-पाणी काढायला. त्या दुसऱ्या दिवशी निघाल्या. दुखणं दाढेपेक्षा कमी, पण ताण इतका की जांभई द्यायची भीती. आठवडाभर दोन उशा घेऊन उताणं झोपायचं, मान वळवायची नाही. चौथ्या दिवशी आरसा बघितला नि रडले. भोपळ्यासारखं तोंड, गळ्यापर्यंत हिरवं-पिवळं. आमचे हे म्हणाले, पैसे देऊन मार खाल्लास.

मधला_मारुती
पैसे देऊन मार, हाहाहा, दादांना दंडवत. खर्च किती आला सांगा की

खिडकीतली_तुळस
एक एफडी मोडली एवढंच सांगते. मेडिक्लेमने दमडी दिली नाही, कॉस्मेटिक म्हणून. हे आधीच धरून चाला.

विजापूररोड४
आमच्या थोरल्या वन्संचं सांगते. त्यांना बीपी, त्यात घाबरलेल्या. ऑपरेशन दुपारी झालं, रात्री अकराच्या सुमारास एकच गाल टरटरून फुगला नि कळ वाढायला लागली. आम्ही म्हणत होतो सूज असेल, सकाळी बघू. नर्सने ऐकलं नाही, सर्जनना उठवलं, परत आत नेऊन साचलेलं रक्त काढलं. पहिल्या २४ तासांत हेच बघायचं असतं म्हणे, दोन्हीकडची सूज चालते, एकाच बाजूची अचानक वाढली तर थांबायचं नाही. बीपी ताब्यात आल्याशिवाय टेबलावर जाऊच नका. अ‍ॅस्पिरिन वगैरे चालू असेल तर आधी सांगा, पण मनाने बंद करू नका हं. थांबा पाणी आलं, टाकी भरून येते

चादरवाली_काकू
विड्या-सिगारेट बंद करा सांगतात, मिश्रीचं कुणी विचारतच नाही! माझ्या मावसबहिणीला डॉक्टरनी स्मोकिंग विचारलं, ती नाही म्हणाली, खोटं नव्हतंच ते. पण रोज दोनदा मिश्री. निकोटीन ते निकोटीनच की. कातडीला रक्त कमी पडलं नि कानामागे रुपयाएवढी जागा काळी पडली, भरून यायला दोन महिने गेले. किमान चार आठवडे आधी बंद नि नंतरही जखम भरेपर्यंत. तंबाखू, गुटखा, सगळं.

रिटायर्ड_मास्तर
पुरुषांनी बोलायचंच नाही का बे? मी केलंय, ६२ व्या वर्षी, मुलाशिवाय कुणाला माहीत नाही. एक गोष्ट कुणी नीट सांगत नाही. कातडी मागे सरकते म्हणजे दाढीपण सरकते. कानाला लागून जिथे नुसती कातडी होती तिथे आता खुंट येतात, पाळीच्या मागेसुद्धा. त्यात गाल बधिर. वस्तऱ्याने कापलं ते कळलंच नाही, बनियनवर लाल दिसलं तेव्हा कळलं. बधिरपणा जायला पाच-सहा महिने. तोवर इलेक्ट्रिक मशीन घ्या.

तुळजापूरवेस
बधिरवरून आठवलं, हेअर ड्रायर लावू नका. मला कान भाजलेला कळला नाही. केस रंगवायचे तर ऑपरेशनआधीच, नंतर महिनाभर डाय नाही. नि पुढून बटणाचे गाऊन शिवून ठेवा, डोक्यावरून काही घालता येत नाही.

होय_की
डोळ्याखालच्या पिशव्या जातात का यात? नि ओठांवरच्या बारीक रेषा?

तुळजापूरवेस
नाही गं. गालाखालचं लोंबतं ते नि गळा, एवढंच. पापण्यांचं ऑपरेशन वेगळं.

सरळ_बोलणारा
वय झालं की सुरकुत्या येणारच. कशाला ही थेरं?

खिडकीतली_तुळस
येऊ देत की दादा. माझं २२ किलो वजन उतरलं होतं, गाल पिशवीसारखे लोंबायचे. नव्या पेठेत भाजी घेताना कुणी ना कुणी विचारणार, बरं नाही का? तीन वर्षं बरं आहे, बरं आहे म्हणून थकले. तरुण दिसायचं नव्हतं. आता गाल परत थोडे उतरायला लागलेत, ते उतरतातच, सात-दहा वर्षं धरून चालायचं.

विजापूररोड४
आले. वन्सं आता मस्त आहेत बरं का. फक्त लग्नाच्या तोंडावर करू नका, त्यांनी केलं नि व्याहीभोजनाला पदर गालावर ओढून बसल्या. दोन-तीन महिने तरी मध्ये हवेत.

चादरवाली_काकू
आणि एप्रिल-मेत तर नकोच, आपल्या उन्हात ती पट्टी बांधून बसायचं म्हणजे! शिवाय ताज्या व्रणाला ऊन लागलं की डाग काळा राहतो. थंडीत करा.

रिटायर्ड_मास्तर
थंडीत केलं म्हणूनच माझा गड्डा, आपली सिद्धेश्वराची जत्रा, चुकला. गच्चीवरून नुसता आवाज ऐकला.

मधला_मारुती
विषय सोडून विचारतो, मुलाला पुण्याला कडक भाकरी पाठवायच्यात, हुतात्मा एक्सप्रेसने ओळखीचा माणूस चाललाय, पिशवीत दिल्या तर टिकतील का

खिडकीतली_तुळस
पत्र्याच्या डब्यात द्या. पिशवीत दिल्या तर चुराच पोचेल. चुराही चालतो म्हणा, दुधात.