चर्चा : मार्केट १४ किलोमीटरवर असताना स्वतःची डिझेल पिकअप घ्यावी का?

कॅरेटवाला

माझं मत आधीच सांगतो, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या. ज्याचं मार्केट हाकेच्या अंतरावर आहे, त्या शेतकऱ्याने नवी डिझेल पिकअप घेऊ नये. मी घेतली आणि फसलो.

आम्ही जुन्नर तालुक्यातले. दोघा भावांचा मिळून पाच-सहा एकर टोमॅटो. नारायणगाव मार्केट घरापासून १४ किलोमीटर. गाडी सगळं धरून साडेदहा लाखांना पडली. दोन लाख भरले, बाकीचा हप्ता महिना १८ हजार. इन्शुरन्स वर्षाला चाळीसेक हजार. तीन वर्षांत गाडी फिरली किती, तर १९ हजार किलोमीटर. आमच्या गावातल्या पोरांच्या मोटारसायकली याहून जास्त फिरतात.

गेल्या वर्षापासून डॅशबोर्डवर तो डबीत ठिपके असल्यासारखा पिवळा दिवा लागायला लागला. सर्व्हिस सेंटरला नेली की लॅपटॉप लावून तासभर जागेवरच रेस करतात आणि म्हणतात झालं. पंधरा दिवसांनी दिवा परत. मग एक दिवस भरलेली गाडी सपाट रस्त्यावर चाळीसच्या वर जाईना. सेन्सर बदलला, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) साफ केला, शेवटी एक इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) गेलाय म्हणाले. वर्षभरात सत्तर हजार गेले. कंपनीचं नाव लिहीत नाही, विचारू नका.

भाड्याची गाडी कॅरेटमागे पंधरा रुपये घेते. ८० कॅरेटची खेप बाराशेला. वर्षाला टोमॅटो, कांदा, खतं धरून १२० खेपा, म्हणजे दीड लाखाच्या आत. माझी स्वतःची गाडी पावणेचार लाख खाते. शेजाऱ्यांचा माल नेऊन साठेक हजार सुटतात, ते वजा केले तरी हिशोब जुळत नाही.

रात्रीची खेप

हिशोब वहीतला आहे, वावरातला नाही. २०२३ च्या जुलैत नारायणगावला वीस किलोचं कॅरेट दोन हजारांच्या वर गेलं होतं. त्या पंधरवड्यात भाड्याची गाडी किती वाजता येत होती ते आठवा. मी तीनदा फोन करून वाट पाहिली. गाडीवाला दुसऱ्याचा माल टाकून दुपारी आला, तोवर लिलाव उरकलेला. एका दिवसात जे गेलं त्यात तुमचे दोन हप्ते निघाले असते. दुसऱ्या वर्षी मी गाडी घेतली.

आणि सगळा हप्ता खर्चात कसा धरता? त्यातलं मुद्दल गाडीत उभं आहे की.

कॅरेटवाला

उभं आहे, पण झिजतंय. साडेदहाची गाडी आज साडेसहाला मागतात. तीन वर्षांत चार लाख गेले, म्हणजे वर्षाला एक लाख तेहतीस हजार. वर व्याज साठ-पासष्ट हजार. बेरीज करून बघा, हप्त्याहून फार खाली येत नाही. २०२३ चं म्हणाल तर असा जुलै दहा वर्षांत एकदा येतो. बाकीची नऊ वर्षं आपण टोमॅटो रस्त्यावर ओततो.

रोपवाटिका

मी सांगली जिल्ह्यातली, भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी आहे. ट्रे भरून जत, आटपाडी, कधी पंढरपूरपर्यंत जाते. महिन्याला तीन हजार किलोमीटर सहज होतात. माझीही बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांची) डिझेलच. पिवळा दिवा अडीच वर्षांत दोनदा लागला, दोन्ही वेळा चालताचालताच विझला. त्यामुळे "डिझेल घेऊ नका" हे सरसकट वाक्य मला पटत नाही. दादा, तुमची गाडी चुकलेली नाही, तुमच्या रस्त्याला ती चुकीची पडली.

माझी दुखणी वेगळी आहेत. पहिला ड्रायव्हर अर्ध्या क्लचवर पाय ठेवून चालवायचा, ३५ हजारांतच क्लचप्लेट आणि प्रेशर प्लेट दोन्ही गेले. आता मी स्वतःच चालवते. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही (हलक्या गाडीचं) लायसन्स चालतं, हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. तरी नाक्यावर अजून "ताई, बॅज कुठाय" विचारणारे भेटतात.

ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवा, सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. माझ्या भावाने त्याच्या दोनच महिने आधी गाडी उचलली. त्याच्यासमोर हा विषय आम्ही काढत नाही.

जुनं ते सोनं

एवढी डोकेदुखी कशाला? माझ्याकडे २०१४ ची आहे, साध्या मेकॅनिकल पंपाची. ना सेन्सर, ना दिवा. चंदगडच्या पुढे जंगलात बंद पडली तरी फिटर पाना-पक्कड घेऊन येतो आणि चालू करून जातो. अडीच लाखांत जुनी घ्या, वर पन्नास हजारांचं काम काढा आणि दहा वर्षं वापरा.

रात्रीची खेप

आणि दरवर्षी पासिंगची रांग? मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी असतो, नंतर दर वर्षी. शिवाय जुनी गाडी घेताना इंजिनचा आवाज सगळे ऐकतात, चासीखाली कोणी वाकत नाही. मी एक बघायला गेलो होतो. हौद्याला नवा रंग आणि खाली पाट्याच्या (चाकावरच्या स्प्रिंगच्या) हँगरजवळ चासीला वेल्डिंगचे तीन टाके. मालक म्हणाला, "मजबुतीसाठी मारलेत."

तेलकट हात

पंचवीस वर्षं गॅरेज चालवतोय. दोन्ही बाजूंचं अर्धं बरोबर आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि पिकअपच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ नावाची चाळण बसली. धुरातली काजळी ती अडवते. काजळी साठली की ती जाळावी लागते आणि जळायला चाळणीत सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. ती यावी म्हणून कॉम्प्युटर इंजेक्टरमधून वेळ टळून गेल्यावर थोडं जादा डिझेल सोडतो. हे सगळं पार पडायला गाडी पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या वेगात पळायला हवी.

आता कॅरेटवाल्यांची खेप बघा. १४ किलोमीटर, त्यातला निम्मा वाडीचा रस्ता, पुढे गेटवर रांग, इंजिन बंद, चालू, परत बंद. चाळण जाळायला सुरुवात होते आणि अर्ध्यात चावी फिरते. ते जादा डिझेल मग जातं कुठं? न जळता सिलेंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि त्याची पातळी वाढते. लोकांना वाटतं, ऑइल कमी होत नाही म्हणजे इंजिन ठणठणीत. अहो, दुसरं काही मिसळल्याशिवाय ऑइल वाढतं का? डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल वरच्या खुणेपेक्षा चढलेलं दिसलं तर धोका समजा. त्या पातळ ऑइलवर पहिला जीव जातो टर्बोच्या (इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) बेअरिंगचा, कारण त्यातला दांडा मिनिटाला लाखभर फेरे फिरतो.

दुसरं ऑइलच्या जातीचं. डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, मॅन्युअलमध्ये ग्रेड दिलेली असते. लोक ड्रममधलं सुटं ऑइल टाकतात आणि शंभर-दोनशे रुपये वाचवतात. काजळी जळते, राख जळत नाही. ती चाळणीत कायमची बसते.

इंजेक्टरचं खापर कंपनीवर फोडण्याआधी डिझेल फिल्टरच्या तळाचा पाण्याचा नट कधी सोडला होता ते आठवा. कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या नळीत) दीड-दोन हजार बारचा दाब असतो. तिथं पाण्याचा थेंब गेला तर इंजेक्टरच्या टोकाला खड्डे पडतात. घरी कॅनमध्ये भरून ठेवलेलं डिझेल गाळणं न लावता ओतणारे तर माझे कायमचे गिऱ्हाईक आहेत.

आणि सर्व्हिस सेंटरचीही चूक सांगतो. दिवा परत परत लागत असेल तर जागेवर रेस करून चाळण जाळणं हा इलाज नव्हे. आधी इंजेक्टरचा बॅक-लीक (परत गळणारं डिझेल) बघायला हवा होता. गळका इंजेक्टर जास्त काजळी करतो, म्हणून चाळण लवकर भरते. यांनी तोच शेवटी तपासला.

शॉर्टकट

नाना, एवढं पुराण कशाला? आमच्याकडे पंचवीस हजारांत डीपीएफ पोकळ करून, कॉम्प्युटरमध्ये मॅप मारून (प्रोग्राम बदलून) देतात. दिवा कायमचा बंद, गाडीचा जोर पण वाढतो.

तेलकट हात

देतात, माहीत आहे. माझ्याकडेही महिन्याला दोघं विचारायला येतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल करू देत नाही. वॉरंटी गेली ती वेगळीच. पण कायदा सोडा, धंद्याचं बोलतो. चाळण का भरली, याचं उत्तर पोकळ डब्यात मिळत नाही. इंजेक्टर गळतच राहतो, फक्त आता सांगायला दिवा नसतो. थेट पिस्टनला भोक पडल्यावर कळतं. असं एक इंजिन मी मागच्या दिवाळीत उतरवलंय.

रोपवाटिका

आणि तो काळा धूर शाळेच्या गेटसमोर सोडत जायचा ते? आमच्याकडे एक जण असाच जातो. रोपांच्या पानांवर काजळीचा थर बसतो, मी बोटाने पुसून दाखवलाय त्याला.

अडीच टन

सगळे इंजिनावरच भांडताय. पिकअप घ्यायची ती भार वाहायला. माझी १७०० किलो भाराची पासिंग आहे, मी सरळ अडीच टन भरतो. पाट्याला दोन पानं वाढवली, काम झालं. भाड्याला तेव्हाच परवडतं. कागदावरच्या वजनात धंदा करून दाखवा.

तेलकट हात

पाटा वाढवला म्हणून ब्रेक वाढत नाही. मागच्या चाकाची बेअरिंग, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, क्राऊन-पिनियन हे सगळं १७०० किलोच्याच हिशोबाचं राहतं. वर्षातून कितीदा क्रॉस बदलता?

अडीच टन

दोनदा. सवय झालीय.

रात्रीची खेप

गाडी घेण्याच्या बाजूने मीच भांडतोय, पण इथं तुमच्या विरोधात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा मालाला कायद्यात २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार दंड आहे. एकदा पावती फाटली तर महिन्याचं भाडं गेलं. माळशेजमध्ये असाच अडीच टनवाला एकदा माझ्यामागे होता, न्यूट्रलवर. इंजिन बंद करून उतरत होता, डिझेल वाचवायला! ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम इंजिन चालू असेल तरच मिळतो. दोन-तीनदा ब्रेक दाबला की पॅडल दगडासारखं होतं. मी बाजू दिली, हात जोडले आणि त्याला पुढे जाऊ दिलं. मागे असा माणूस नको.

अडीच टन

न्यूट्रलवर मी उतरत नाही. बाकीचं मान्य नाही. भाड्याचे दर तुम्ही वाढवून द्या, मी १७०० भरतो.

गॅसवाला

कॅरेटवाल्यांना सीएनजी कोणी कसा सुचवला नाही? छोट्या खेपांना डीपीएफचा प्रश्नच नाही.

कॅरेटवाला

पाहिली होती. टाक्यांनी वजन खाल्लं, त्यात हंगामात पंपावर तासभर रांग. टोमॅटो उन्हात ठेवून रांगेत उभं राहण्यापेक्षा छोटा हत्ती बरा. त्याचं एकूण वजन ३,००० किलोच्या आत बसतं, परमिटची कटकट नाही. पण ८० कॅरेट त्यात जात नाहीत, दोन खेपा कराव्या लागतात.

नाना, तुम्ही लिहिलंय ते वाचून आत्ता बॅटरी घेऊन बाहेर जाऊन आलो. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर आहे. वास घेतला, डिझेलचा येतोय. आता आळेफाट्यावरून बोट्याच्या पुढपर्यंत चौथ्या गिअरमध्ये पळवून आणू का? चाळण जळेल का?

तेलकट हात

अजिबात नको! बोटभर वर असेल तर आता स्टार्टरसुद्धा मारू नका. पातळ झालेलं ऑइल इंजिनाने वर ओढून जाळायला घेतलं तर गाडी चावी काढूनही बंद होत नाही, स्वतःच रेस होत जाते. आधी ऑइल आणि फिल्टर बदला, तेही उभ्या जागी. मग बॅक-लीक तपासून घ्या, एक इंजेक्टर बदलला असला तरी उरलेल्यांचाही. ते ठीक निघाले की मग हायवेला न्या, इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या वर ठेवून अर्धा तास. आणि पुढे दर पंधरा दिवसांनी एकदा असं फिरवून आणा, रिकामी असली तरी.

रात्रीची खेप

फिरवायची तर रिकामी कशाला? पंधरा दिवसांनी एकदा संगमनेरपर्यंत कोणाचा तरी माल घ्या. डिझेल निघेल.

कॅरेटवाला

ते बघू. विकायची की ठेवायची हे इंजेक्टर तपासल्यावर ठरवतो, तोवर माझं मत तेच आहे. मिस्त्रीला फोन झाला, उद्या दुपारी घरीच येतो म्हणालाय.

सकाळच्या ७० कॅरेटसाठी भाड्याची गाडी सांगितलीय. सहाला येतो म्हणाला, म्हणजे साडेसात.