मदत हवी आहे: पेरॉक्साइड देऊनही पेशींचं श्वसन जसंच्या तसं

अर्धी_बशी
एसएच-एसवाय५वाय पेशी (माणसाच्या न्यूरोब्लास्टोमा ट्यूमरच्या), २०० मायक्रोमोलर हायड्रोजन पेरॉक्साइड, २ तास. अल्झायमरमधल्या ऑक्सिडेटिव्ह हानीचं साधं मॉडेल हवंय. सीहॉर्सवर (पेशींचा ऑक्सिजनचा वापर मोजणारं यंत्र) बेसल, म्हणजे काही न देता होणारं श्वसन, कंट्रोलइतकंच येतंय, तीनदा करून झालं. शुक्रवारी गाईडना आलेख द्यायचाय. डोस थेट ५०० करू का?

पिपेटवाला
डोस देताना मीडिया (पेशी वाढवायचं द्रावण) कोणता होता?

अर्धी_बशी
नेहमीचाच.

पिपेटवाला
अहो, प्रत्येकाचा नेहमीचा वेगळा असतो. डीएमईएम-एफ१२ का? सीरम?

अर्धी_बशी
हो, तोच. सीरम १० टक्के.

पिपेटवाला
मग तिथेच घोळ आहे. त्यात सुमारे अर्धा मिलिमोलर पायरुव्हेट असतं. ते एन्झाइमशिवायच पेरॉक्साइड खातं. उरतं अ‍ॅसिटेट, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. तुमच्या २ तासांतली पहिली काही मिनिटंच खरी. उरलंसुरलं सीरम बघून घेतं. नुसता डोस चढवलात तर बऱ्याच डोसपर्यंत काही दिसणार नाही आणि मग एकदम सगळ्या पेशी तरंगताना दिसतील. पायरुव्हेट आणि सीरम दोन्ही नसलेल्या मीडियात ५०, १००, २०० असं देऊन बघा. सीहॉर्सच्या मीडियातही सवयीने १ मिलिमोलर पायरुव्हेट पडतं, म्हणून डोस आधी उरकून, धुऊन, मग तो मीडिया घाला.

ग्लुकोजद्रोही
मुळात ग्लुकोज काढा! १७.५ मिलिमोलरमध्ये या ट्यूमरच्या पेशी ग्लायकोलिसिसवर मजेत जगतात. १० मिलिमोलर गॅलॅक्टोजवर टाका, मायटोकॉन्ड्रियाचं दुखणं लगेच बाहेर येतं.

पिपेटवाला
ग्लुकोजने झाकला जातो तो एटीपीचा (पेशीच्या ऊर्जेच्या रेणूचा) आणि जगण्या-मरण्याचा आकडा. इथे ऑक्सिजनचा वापर मोजलाय. गॅलॅक्टोज नंतर, आधी पेरॉक्साइड पेशीपर्यंत पोचू दे.

लोहगंधक
एफसीसीपी (श्वसन कमालीला नेणारं रसायन) दिलं होतं का? बेसलला राखीव क्षमता हानी लपवते, कमाल श्वसन आधी पडतं. अर्धा ते २ मायक्रोमोलरमध्ये थोडं थोडं वाढवत योग्य मात्रा शोधा. जास्त झालं तर कंट्रोलही कोसळतो.

आणि अ‍ॅकोनिटेज, म्हणजे क्रेब्ज चक्रातलं एन्झाइम, मोजाच. त्याच्या लोह-गंधक गुच्छातलं एक लोह निसटलं की क्रेब्ज चक्र तिथेच अडतं. नमुना बर्फावर, बफरमध्ये सायट्रेट, काम त्याच दिवशी. गोठवून वितळवलात तर कंट्रोलही मेलेला दिसेल. अर्धा नमुना डीटीटी (क्षपणक) आणि फेरस अमोनियम सल्फेटने जागा करून उरलेल्या अर्ध्याशी गुणोत्तर काढा. फेरसचं द्रावण पिवळट झालं की ओतून द्या. अल्झायमरच म्हणायचं असेल तर त्याच चक्रातलं अल्फा-कीटोग्लुटरेट डीहायड्रोजिनेजही घ्या, रुग्णांच्या मेंदूत तेच घटलेलं सापडतं. श्वसनसाखळीतला कॉम्प्लेक्स १ हा पार्किन्सनचा मुद्दा.

घरचा_प्रश्न
बाबांना अल्झायमर आहे. कोएन्झाइम क्यू१० किती द्यावं?

लोहगंधक
धागा पेशींचा आहे हो, डोस त्यांच्या डॉक्टरांना विचारा. पार्किन्सनमध्ये रोज १२०० आणि २४०० मिलिग्रॅम देऊन पाहिलं होतं. २०१४ मध्ये निकाल आला, फायदा शून्य.

अर्धी_बशी
एफसीसीपी दिलं नव्हतं. आणि पेरॉक्साइडची बाटली गेल्या वर्षी उघडलेली आहे, चालेल ना?

पिपेटवाला
हे आत्ता सांगताय! ३० टक्क्यांचं हजारपट पातळ करून २४० नॅनोमीटरला, १ सेंटीमीटरच्या क्वार्ट्झ क्युव्हेटमध्ये प्रकाशाचं शोषण वाचा. ०.४३च्या आसपास हवं. ०.२ आलं तर तुमचे २०० कधी २०० नव्हतेच.