तळ्याकाठच्या पर्यटन गावात आणखी ८० बंगले येतायत, हरकत नेमकी कशावर घ्यावी?

तळ्याकाठची

नमस्कार मंडळी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच वाद नको. तळं, भोवती डोंगर, बाहेर पडायला एकच रस्ता. बारा महिने राहणारे आम्ही आठेकशे, पण सुट्ट्या लागल्या की पाय ठेवायला जागा नसते. आता तळ्याच्या वरच्या उतारावर ८० बंगले आणि एक क्लबहाउस येऊ घातलंय. कागदोपत्री मात्र हे चार मालकांचे, वीस-वीस बंगल्यांचे चार वेगळे प्रकल्प आहेत. क्लबहाउस एकाच्याही अर्जात नाही, जाहिरातीत मात्र चौघांच्याही आहे!

जनसुनावणी झाली. कुणी गावाचं गावपण गेलं म्हणालं, कुणी लहानपणचं तळं आठवलं. मीही खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराबद्दल बोलले, खोटं कशाला सांगू. अधिकाऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि वहीत एक ओळ लिहिली नाही. मी पहिल्याच रांगेत होते, कोरं पान दिसत होतं. मग विकासकाच्या सल्लागाराने पडद्यावर आलेख लावले: पाणी पुरेसं, मैलापाण्याची सोय पुरेशी, वाहतूक मर्यादेत. ते मात्र भराभर उतरवून घेतलं.

मागच्या मोठ्या सुट्टीत आमच्या खालच्या गल्लीत शोषखड्डे तुंबून घाण पाणी रस्त्यावर आलं होतं. ते कुठल्याच आलेखात नव्हतं. लेखी हरकती द्यायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. काय लिहू, म्हणजे ते वहीत जाईल?

गाळवाला

ताई, डोंगर राहू द्या, आकडे मागा. माझी नोकरी मैलापाण्याच्या कामात गेली, तेव्हा तेवढ्यापुरतंच बोलतो.

सल्लागाराने दाखवलेला आकडा वर्षाच्या सरासरीचा आहे का, ते आधी विचारा. गंमत बघा. कायमची माणसं ८००, आणि समजा वर्षातले ३५ दिवस गावात ६००० माणसं असतात. सरासरी काढलीत तर येते साधारण १३००. एवढ्यांना सगळं पुरतंच की! पण नळ आणि गटारं सरासरीवर चालत नाहीत. त्या दिवशी जेवढं येईल तेवढं त्यांना झेलावं लागतं.

सेप्टिक टँकमध्ये पाणी निदान दिवसभर तरी थांबायला हवं. तेवढ्या वेळात गाळ तळाला बसतो, तेलकट थर वर येतो आणि मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी शोषखड्ड्यात जातं. चार माणसांच्या घरात सोळा जण उतरले की तेच पाणी काही तासांत पुढे ढकललं जातं. न बसलेला गाळ शोषखड्ड्यात जातो आणि मातीची छिद्रं बुजवतो. ती एकदा बुजली की पाहुणे गेले म्हणून लगेच मोकळी होत नाहीत. त्यामुळे तुमच्या गल्लीत झालं तो अपघात नव्हे. त्या दिवसाची तारीख, फोटो, शेजाऱ्यांच्या सह्या, सगळं जोडा. तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम कागद तोच.

बरं, उतारावर मुरलेलं पाणी जाणार कुठे? तळ्यात. फॉस्फरस माती काही काळ धरून ठेवते, नायट्रेट पाण्याबरोबर निघून जातं, आणि दोन्ही शेवाळाला खत. म्हणून मागणी अशी लिहा: सर्वाधिक गर्दीच्या दिवसाचा पाणीवापर आणि मैलापाणी, जलस्रोताची पातळी सगळ्यात खाली असते तेव्हाचा उपसा, आणि हे सगळं चारही अर्ज एकत्र धरून. ‘पुरेसं’ हा शब्द चालवून घेऊ नका. पुरेसं म्हणजे किती लिटर?

तीन_खोल्या

काका म्हणतात ते बरोबरच असेल. पण मी अशाच एका गावात तीन खोल्या भाड्याने देतो, म्हणून थोडं कडू बोलतो. ताई, हे तुमच्याबद्दल नाही. पण अशा सुनावण्यांत सगळ्यात जोरात ओरडणारे बरेचदा स्वतःच बाहेरून येऊन बंगला बांधलेले असतात. आपण आत आलो, आता दार लावा!

गावात जन्मलेल्या पोरांना भाड्यानेसुद्धा घर मिळत नाही, शाळेतल्या बाई आणि दवाखान्यातली नर्स लांबून ये-जा करतात, यावर कुणी तोंड उघडलं का? त्या ८० पैकी किती घरांत वर्षभर दिवा लागणार, ते विचारा. पाहुणे आले तर माझ्यासारख्याला, धोब्याला, बोटवाल्याला चार पैसे मिळतात. कुलूप लावलेला बंगला कुणाला काय देतो? पर्यटन नको असं लिहिलंत तर माझी सही मिळणार नाही. बंद घरं नकोत असं लिहा, दोनदा करतो.

नकाशेवाली

तीन_खोल्या, तुमच्या मुद्द्यावर स्वित्झर्लंडमध्ये सार्वमत झालंय. ११ मार्च २०१२, बाजूने ५०.६ टक्के, म्हणजे काठावर पास. ज्या गावात २० टक्क्यांहून जास्त घरं सुट्टीपुरती वापरली जातात, तिथे काही अपवाद सोडले तर तशी नवी घरं बांधायला बंदी. पळवाटही राहिली. आधीपासूनच्या घरांना हे बंधन नाही, त्यामुळे राहतं जुनं घर सुट्टीवाल्यांना विकता येतं. तुम्ही अशी मागणी केलीत तर ही फट आधीच बुजवा.

हॉटेलवाले विरोधात असतील तर त्यांना बोराकाय बेटाचं सांगा. मैलापाणी सरळ समुद्रात जातंय म्हणून फिलिपीन्स सरकारने २६ एप्रिल २०१८ पासून सहा महिने ते अख्खं बेट पर्यटकांना बंद ठेवलं. धंदा सगळ्यांचाच बुडाला, नियम पाळणाऱ्यांचाही. पुन्हा उघडताना एका वेळी १९,२१५ पर्यटक अशी मर्यादा घातली. एवढी काटेकोर मोजणी करता येते, तर ती परवानगीच्या आधी का नाही?

आणि तुमचं तळं आहे म्हणून अमेरिकेतलं टाहो सरोवर. १९६८ पासून तिथे पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती किती खोलवर दिसते ते मोजतात. तेव्हा तीसेक मीटरपर्यंत दिसायची, आता विसेक मीटरवर नाहीशी होते. खोऱ्यातलं सांडपाणी खोऱ्याबाहेर नेतात, तरी ही गत. रस्त्यांवरून आणि बांधलेल्या जागांवरून वाहून येणारी बारीक माती हे त्यामागचं एक मोठं कारण. त्यामुळे ‘आम्ही स्वतंत्र मैलाशुद्धीकरण बसवतो’ असं विकासक म्हणाला तरी पावसाच्या पाण्याचं काय, हे विचाराच. तिथल्या नियोजन संस्थेने ३२ महिने बांधकामं रोखली होती. जमीनमालक भरपाईसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००२ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी हरले. तुमच्याकडचा कायदा वेगळा असेल, वकिलाला दाखवा. पण ‘आधी अभ्यास करा, तोवर थांबा’ ही मागणी वेडगळ नाही.

चार अर्जांचं मात्र आज करा. चारही जाहिरातींचे स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवा. जोडरस्ता एक, जलवाहिनी एक, क्लबहाउस एक, मग प्रकल्प चार कसे?

तळ्याकाठची

सगळ्यांचे आभार. स्क्रीनशॉट काल रात्रीच काढले, आणि सकाळी बघते तर एका जाहिरातीतून क्लबहाउस गायब! बाकी तिघांत अजून आहे.

गल्लीतल्या लोकांनी फोटो दिलेत. बंद घरांचा मुद्दा मी तीन_खोल्या यांच्या शब्दांत पहिल्या पानावर घालतेय. आमच्याकडचे खोल्यावाले त्यावर सही करतो म्हणाले, हे मला अपेक्षित नव्हतं. डोंगराचा परिच्छेद काढला. (जड गेलं.)

काका, ती तबकडी आपल्याला घरी करता येईल का?

गाळवाला

येईल की. पाव मीटर व्यासाचा गोल पत्रा, पांढरा रंग, खाली वजन आणि न ताणणारी खुणा केलेली दोरी. भर दुपारी, बोटीच्या सावलीच्या बाजूने सोडायची. दिसेनाशी होते ती खोली आणि वर घेताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी लिहायची. इथे सरासरी चालते! जागा दर वेळी तीच ठेवा, आणि बरोबर गावाबाहेरचा एखादा साक्षीदार न्या. उतारावर पहिली कुदळ पडायच्या आधीच्या नोंदी हव्यात, तेव्हा याच आठवड्यात सुरू करा.