ट्रिगर तपासल्याशिवाय गोळी भरू नका
नव्या रायफलीतले दोष म्हणजे बोल्टवरचे (गोळीमागे बंद होणाऱ्या सरकत्या दांड्यावरचे) ओरखडे नि सैल स्टॉक (खांद्याला लावायचा दस्ता), चार पेट्या गोळ्या झाडल्या की सगळं बसतं, असं एकाने लिहिलंय. ओरखड्यांचं मान्य. पण ट्रिगरचं काय? २०१४ साली रेमिंग्टन या अमेरिकन बंदूक कंपनीने एक्स-मार्क प्रो नावाच्या ट्रिगरच्या मॉडेल ७०० रायफली परत मागवल्या, अगदी २००६ पासून बनलेल्या. जुळणी करताना चिकटद्रव्य जास्त लागलं होतं आणि ट्रिगर न ओढताही बार उडण्याचा धोका होता. असला दोष वापरून कसा बसणार?

इथे अमेरिकेतल्या मोंटानात नवी रायफल घेतली की मी चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं असल्याची बोट घालून खात्री करतो, सेफ्टी (बार उडू न देणारा खटका) लावून ट्रिगर दाबतो, सोडतो, मग सेफ्टी काढतो. तेव्हा ‘टक्’ वाजलं, म्हणजे ट्रिगर न ओढताच घोडा पडला, तर रायफल थेट दुकानात परत. बोल्ट जोरात आपटून बंद करूनही बघा, तेव्हाही ‘टक्’ वाजता कामा नये.