एएनए पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपसच असं नाही

ताई, बहिणीच्या अंगावरचे चट्टे आणि एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी) १:८० पॉझिटिव्ह, हे वाचलं. तेवढ्यावरून ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार, धरून बसू नका. या टायटरला, म्हणजे रक्त ८० पट पातळ करून तपासल्यावर, साधारण १३ टक्के धडधाकट माणसांचीही टेस्ट पॉझिटिव्ह येते.

चट्टा किती तास टिकतो तेही बघा. माझ्या आईच्या वेळी त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलं होतं, नवी गांध उठली की तिच्याभोवती बॉलपेनने गोल काढा, शेजारी वेळ लिहा. पित्ताची साधी गांध बहुधा २४ तासांत त्या जागेवरून जाते. आईची दुसऱ्या दिवशीही गोलातच होती, खाजेपेक्षा आग जास्त, आणि जाताना जांभळट डाग ठेवून गेली. त्यावरून बायोप्सी (त्वचेचा बारीक तुकडा काढून तपासणी) केली, तेव्हा अर्टिकेरियल व्हॅस्क्युलायटिस म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा दाह निघाला. तोवर आठ महिने नुसत्या सिट्रिझिनवर, म्हणजे अॅलर्जीच्या गोळीवर, गेले होते, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

चेहऱ्यावरचे चट्टे नाकपुडीपासून ओठाकडे येणाऱ्या घडीतही आहेत का? ल्युपसमध्ये त्या घडीत सहसा चट्टा नसतो. लघवीची तपासणी मात्र याच आठवड्यात करा. ल्युपसमध्ये किडनीला सूज आली तरी दुखत नाही, लघवीतून प्रथिनं जाताना दिसतात. आणि बायोप्सीआधी मनाने स्टिरॉइडचं मलम लावू नका, खुणा पुसल्या जातात. चट्ट्यांचे फोटो तारखेसकट ठेवा.